पच्चैमलैवर हरवलेला सूर्य

आमचे भावजी सूर्यनारायण राव, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांना निवृत्तीनंतर डोंगरांचं वेड लागलं. हे वेड कुणाला सातारा-नाशकाकडे लागलं असतं तर मी समजू शकले असते. आम्ही राहतो तंजावूरला. आमच्या गावाला डोंगर नाही, टेकडी नाही, उंचवटा म्हणावा असंही काही नाही. कावेरीने आणून टाकलेल्या गाळावर सगळा मुलूख पसरलाय. शेतात दिवसभर खणत बसलं तरी कुत्र्याला मारायला दगड मिळायचा नाही. मोठ्या देवळाचा ग्रॅनाइटसुद्धा लांबून ओढून आणलेला. इथे माणसाला उंच जायचं असेल तर रेल्वेचा उड्डाणपूल आहे, आणि त्यावर भावजींना स्कूटर नेताना धाप लागते.

जन्मभर ते विम्याच्या कचेरीत होते. निरोपादाखल सहकाऱ्यांनी त्यांना येरकाडला नेलं. तिथे कुणीतरी फोनवर वाचून सांगितलं की ज्या कातळावर बसून आपण भजी खातोय तो अडीचशे कोटी वर्षांचा आहे. माणसाच्या आयुष्याची मुदत वीस-पंचवीस वर्षांच्या हप्त्यांत मोजण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना हा आकडा ऐकून काय झालं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. घरी आले ते दगड होऊनच, म्हणजे बोलेनात, जेवेनात. मग व्हिडिओ पाहू लागले. मग हातोडी आली, भिंग आलं, घोट्यापर्यंतचे बूट आले. महिन्याभरात ते आम्हाला भूखंड कसे सरकतात ते जेवणाच्या पानावर रसम ओतून दाखवू लागले.

असं एकट्याने वेडं होण्यात मजा नसते. तंजावूरात आठवड्याचे पाच दिवस संगणकासमोर बसून उरलेल्या दोन दिवसांत काय करावं हे न कळणारी बरीच माणसं आहेत. त्यांना भावजी सापडले आणि भावजींना ती सापडली. 'तंजै हिल वॉकर्स' नावाचा ग्रुप निघाला. दर शनिवारी पहाटे राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हॅन येऊन थांबायची आणि कधी कोल्लीमलै, कधी सिरुमलै, कधी पच्चैमलै असं करत रविवारी संध्याकाळी परत यायची. ही माणसं डोंगरावर जाऊन काय करायची? दगड उचलायची, त्याचा फोटो काढायची, आणि विचारायची, "सर, हा कुठला?"

आणि सर सांगायचे. भावजींचा हा गुण मान्य केलाच पाहिजे. त्यांना कधी काही अडलं नाही. डोंगर कुठलाही असो, दगड कुठलाही असो, ते भिंग डोळ्याला लावायचे, एक हुंकार द्यायचे आणि नाव सांगायचे. वयही सांगायचे. चार्नोकाइट, नाइस, फेल्डस्पार. खरं होतं की खोटं हे तपासणार कोण? 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. लग्नाच्या हॉलमध्ये ते फरशीवर टकटक करून पाहायचे. आमच्या गल्लीतल्या गंगाबाई वारल्या तेव्हा समाचाराला गेले, आणि तिथल्या रगड्याजवळ उकिडवे बसून त्यातला दगड कुठल्या खाणीतला असावा ते गंगाबाईंच्या मुलाला सांगत राहिले. त्याने बिचाऱ्याने डोळे पुसत पुसत ऐकून घेतलं.

मी नंदिता, त्यांची धाकटी मेहुणी. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या समोरच्या घरात राहते. त्यांनी मला न विचारता ग्रुपमध्ये घातलं, आणि अक्काने गळ घातली म्हणून मी दोन-तीनदा व्हॅनमध्ये बसून गेलेही. माझे गुडघे बरे नाहीत. मी खाली ओढ्याकाठी बसायची आणि डब्यातला दहीभात खायची. त्यामुळे पुढे जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मात्र ते सांगायचं तर आधी त्यांच्या देवांविषयी सांगावं लागेल.

भावजींच्या घरी पंचायतन आहे. मूर्ती नाहीत, पाच दगड. गंडकीतला शाळिग्राम हा विष्णू. नर्मदेतला बाण हा शिव. तांबूस गणपती शोण नदीतला, देवी सुवर्णमुखी नदीतली. सूर्य म्हणजे स्फटिक, आणि तो वल्लमचा. वल्लम आमच्या गावाबाहेर, टाउन बसने जाता येईल एवढ्यावर. बाकीचे देव केवढाल्या नद्यांतून आले आणि सूर्य तेवढा आमच्या बस स्टँडपासून जवळचा, असा विनोद मी एकदा केला होता. अक्का माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

पाचांमध्ये तिचा जीव सूर्यावर. लग्न होऊन आली तेव्हा तिला घरात कुणी ओळखीचं नव्हतं. सासू फार बोलणारी नव्हती. पहिल्या रथसप्तमीला सासूने तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आपल्याजवळ बसवलं आणि देवांकडे बोट दाखवून म्हणाली, "तो पांढरा दिसतो न्हवे, तो आपला. बाकी सगळे त्यांचे." त्या घरात कुणीतरी आपलं आहे हे तिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. पुढे पोरगा तापाने फणफणला तेव्हा ती त्या सूर्याशी बोलली, त्याला अमेरिकेत नोकरी लागली तेव्हाही त्याच्याशीच बोलली. आणि हे सगळं उंबऱ्यावरून. कारण पंचायतनाला बायकांनी शिवायचं नाही ही त्या घरची रीत. पहाटे उठायचं, न्हाऊन सोवळ्याने नैवेद्य रांधायचा, दारात बसायचं, आणि भावजी ज्या दगडांना दूध-पाणी घालतात ते लांबून पाहायचे. मला या रीतीचा राग येतो, अजून येतो. अक्काला तो आला असला तरी तिने कधी दाखवला नाही.

तर डोंगराचं वेड लागलं आणि शनिवार-रविवारच्या पूजेचा प्रश्न उभा राहिला. पोरगा परदेशी. दुसरा पुरुष घरात नाही. भावजी म्हणाले, दोन दिवसांनी काय होतंय, ते दगडच तर आहेत, कोट्यवधी वर्षं विनापूजा राहिलेत. अक्काने त्यांच्याकडे पाहिलं आणि एवढंच सांगितलं की देव उपाशी राहणार नाहीत. पूर्वी यात्रेला निघाले की घरचे लोक देवांना चांदीच्या डब्यात घालून बरोबर नेत. त्या डब्याला संपुष्ट म्हणतात. तो अजून होता. अक्काने तो चिंचेने घासून लख्ख केला आणि त्यांच्या पाठपिशवीत ठेवला.

अशा रीतीने आमचे देवही हायकिंगला जाऊ लागले. एका कप्प्यात हातोडी, दुसऱ्यात ग्लुकोजची बिस्किटं, तिसऱ्यात पंचायतन. माझ्या माहितीत एवढे डोंगर चढलेले देव दुसरे नसतील. ओढा दिसला की भावजी अंगरखा काढायचे, कातळावर ताम्हण मांडायचे, ओढ्याच्या पाण्याने अभिषेक करायचे, गंध लावायचे, अक्काने दिलेल्या डब्यातला भात दाखवायचे. ग्रुपमधल्या मंडळींना हे फार आवडायचं. ते त्याचे व्हिडिओ काढायचे. निसर्ग आणि संस्कृती एकदम, असं सुब्रमण्यम नावाचे एक दातांचे डॉक्टर म्हणायचे.

पौष संपत आला होता. पच्चैमलैवर गेलो होतो. ओढ्याच्या पात्रात पांढऱ्या गारगोट्या पडल्या होत्या, कुणाला बोराएवढी, कुणाला सुपारीएवढी सापडली. मंडळी हरखली. जो तो ओंजळ भरून सरांकडे आणत होता आणि सर प्रत्येक गारगोटीच्या बुडाला काळ्या पेनाने पच्चैमलैचा 'प' आणि नंबर घालत होते, कारण नमुन्याला नंबर नसेल तर तो नमुना नव्हे, तो कचरा, असं ते म्हणत. त्यांची पूजा नुकतीच झाली होती. संपुष्ट उघडंच कातळावर होतं.

आमच्याच गल्लीतली रम्या, भवानीबाईंची मुलगी, घरी बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करते. मराठी सगळं कळतं, उत्तर तमिळमध्ये देते. तिने नंबर घातलेली आपली एक गारगोटी पुढे केली आणि विचारलं की सर, हे काय. भावजींनी नाव सांगितलं, क्वार्ट्‌झ. एवढ्यावर थांबले असते तर हे सगळं घडलं नसतं. पण भोवती माणसं जमली होती, फोन रोखलेले होते, आणि समोर कौतुकाने पाहणारे चेहरे होते. भावजींनी संपुष्टात हात घातला, आपल्या घराण्याचा सूर्य बाहेर काढला आणि तो रम्याच्या गारगोटीशेजारी तळहातावर ठेवला.

"बघा," ते म्हणाले. "हाच तो. आम्ही याला सूर्य म्हणतो, तुम्ही याला पायाखाली तुडवता. विज्ञानाला दोघांत काही फरक नाही."

मग त्यांनी दोन्ही दगड मंडळींच्या हातात फिरवायला दिले. जे अक्काने चाळीस वर्षांत शिवलं नव्हतं ते दातांच्या डॉक्टरांनी बिस्किटाचे कण लागलेल्या बोटांनी चोळून पाहिलं. मी दहीभात खाता खाता थांबले. बोलायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण त्यांना अडवणं म्हणजे उतारावरून सुटलेल्या गाडीला हात करणं. फेरी संपल्यावर दोन दगड त्यांच्याकडे परत आले. एक त्यांनी रम्याला दिला, एक संपुष्टात ठेवला आणि झाकण लावलं.

त्या आठवड्यात ग्रुपवर रम्याने एक फोटो टाकला. दगडाच्या भेगेत काही पिवळं अडकलंय, ते इतकं जवळून काढलं होतं की दगड कसा आहे ते दिसतच नव्हतं. सर, हे काय? सरांनी मिनिटाभरात उत्तर दिलं. लिमोनाइट. लोहाचा गंज. लाखो वर्षांच्या पावसाने पाझरून भेगेत बसलेला. काढायचा असेल तर बाथरूमच्या ॲसिडमध्ये रात्रभर ठेवावं आणि ब्रशने घासावं. खाली टाळ्यांची रांग लागली. मी तो फोटो पाहिला, आणि आणखी एक पिवळा दगड म्हणून पुढे सरकवला.

इकडे रोज पूजा चालली होती. अक्काची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती आणि तिला जग नव्याने स्वच्छ दिसत होतं. रथसप्तमी तोंडावर आली. एका सकाळी भावजी सूर्याला पुसत असताना तिने उंबऱ्यावरून विचारलं की त्याच्या बुडाला काळं कसलं दिसतं. भावजींनी न पाहताच सांगितलं, मँगनीज. असं येतं. हवेतल्या ओलाव्याने. अक्का म्हणाली, आजवर आलं नव्हतं. मग त्यांनी भिंग लावलं.

तो मँगनीज 'प ११' असा होता. अक्षर त्यांचंच होतं.

मला बोलावणं आलं तेव्हा भावजी सोवळं नेसून देवघरात तसेच बसले होते आणि अक्का उंबऱ्याला टेकून होती. तिचा चेहरा पाहून मला वाटलं अमेरिकेतून काही वाईट बातमी आली. सगळं ऐकल्यावर मला हसू फुटलं, ते मी पदरात दाबलं. नंबर घातलेल्या गारगोटीला त्या घरात दोन आठवडे दुधाची आंघोळ, गंध, फूल आणि गोडाचा नैवेद्य चालला होता. मग अक्का मला म्हणाली, "नंदू, रथसप्तमीला तो जागेवर पाहिजे. मज दुसरं काही नको." माझं हसू तिथेच संपलं.

मी फोन काढला आणि रम्याचा तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. भेगेत पिवळं होतं, आणि पिवळ्याच्या कडेला लालसर. चंदनाचं गंध आणि त्यावर कुंकवाचा ठिपका. पच्चैमलैवर त्या दिवशी सकाळी भावजींनी स्वतःच्या बोटाने लावलेलं. मी फोन त्यांच्यापुढे धरला. लाखो वर्षांचा पाऊस त्यांनी बराच वेळ पाहिला.

रम्याचं घर चार दारं सोडून. ती बिचारी घाबरली. तिने सगळं सरांनी सांगितल्याप्रमाणे केलं होतं. नंबर पुसला गेला असेल असं समजून तिने तो दगड ॲसिडमध्ये ठेवला, ब्रशने घासला. आणि एकालाच कशाला, म्हणून आपल्या बाकीच्या गारगोट्याही त्याबरोबर घासल्या. सगळ्या लख्ख झाल्या. नंबर गेले, लिमोनाइट गेलं. मग तिने त्या आईच्या माशांच्या टाकीत तळाशी पसरल्या. छान दिसत होत्या. भावजींच्या घराण्याचा सूर्य त्यांच्यात कुठेतरी, सोनेरी माशांच्या पोटाखाली पडला होता.

तिने त्या सगळ्या काढून स्टीलच्या ताटात आणून दिल्या. मूठभर भरल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या गुळगुळीत, बऱ्याचशांना भेगा. रम्या सारखी सॉरी म्हणत होती. अक्काने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तुझा दोष नाही म्हणून तिला कॉफी पाजून पाठवलं. मग ती उंबऱ्यावर बसली. आता भावजींची पाळी होती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटत होतं की हे आता भिंग लावतील, हुंकार देतील आणि सांगतील.

त्यांनी भिंग लावलं. ताट अंगणात उन्हात नेलं. एकेक उचलून उजेडासमोर धरला. काचेवर ओरखडे काढून पाहिले, सगळ्यांनी काच कापली. सोनाराकडचा काटा मागवून तोलले, पण मुळात सूर्याचं वजन कुणी कधी केलं होतं? जुन्या पूजांचे फोटो काढले, त्यांत सूर्य फुलांखाली. कॉलेजातल्या भूगर्भाच्या एका प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, क्वार्ट्‌झ म्हणजे क्वार्ट्‌झ, वल्लमचा काय आणि पच्चैमलैचा काय. सांगताच येणार नाही असं नाही, पण त्यासाठी दगड फोडून त्याचा चकता कापावा लागेल. हे भावजींनी आम्हाला थोड्या उत्साहाने सांगितलं. अक्काने ऐकलं आणि ती आत निघून गेली.

मी त्यांना विचारलं. मी तशी कुणाला मोजत नाही, त्यांनाही नाही. मी म्हटलं, भावजी, यंत्र-बिंत्र राहू दे. एवढी वर्षं रोज सकाळी तुम्ही त्याला बोटांत धरलंत. न्हाऊ घातलंत, पुसलंत. बोटांना काहीच कळत नाही? त्यांनी हातातली गारगोटी ताटात ठेवली. म्हणाले की त्यांचं लक्ष नसे. आधी कचेरीची घाई असे, मंत्र तोंडातून आपोआप येत. अलीकडे तर कानात बटन घालून भूकंपावरचं व्याख्यान चालू असायचं. हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. माझा पुढचा शेरा तयार होता. तो मी गिळला.

तरी सवय सुटत नाही. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी आले, एक गारगोटी मुठीत घेऊन. हीच ती, असं म्हणाले. कशावरून? तर तिच्या एका बाजूची झीज. पिढ्यान्‌पिढ्या पुसल्याने झीज अशीच होते. आता ते जाऊन विशालाक्षीला, म्हणजे अक्काला, खात्रीने सांगणार होते. मी म्हटलं, सांगा. तुम्ही सांगितलेलं ती मानेल, आजवर मानत आली. फक्त तिच्याकडे पाहून सांगा. ते दारातून तसेच वळले. त्यांनी ते सांगितलं नाही. त्यांच्या साऱ्या दगडी कारकिर्दीत मला त्यांच्याविषयी आदर वाटला तो एवढ्या एका गोष्टीसाठी.

रथसप्तमीच्या सकाळी मी गेले तेव्हा अंगणात अक्काने रथाची रांगोळी काढली होती. खांद्यांवर रुईची पानं ठेवून तिची आंघोळ झाली होती, केस ओले होते. चुलीवर पोंगल, म्हणजे दुधातला गूळभात, शिजत होतं, गुळाचा वास सुटला होता. देवघरात भावजी पाटावर बसले होते. समोर शाळिग्राम, बाण, गणपती, देवी, आणि एक जागा रिकामी. त्यांच्या उजव्या हाताला ते स्टीलचं ताट. दिवा लागला होता आणि मंत्र सुरू व्हायचा होता. अक्का उंबऱ्यावर येऊन बसली.

"सांगा," ती म्हणाली. "कुठला तो?"

भावजींनी ताटाकडे पाहिलं. मग मान न उचलता म्हणाले, "ठाऊक नाही गे."

त्यांना ते बोलायला किती जड गेलं ते मला दिसलं. मला वाटलं अक्का रडेल. गेले काही दिवस ती मनातून रडतच होती. आता निदान मोकळेपणी रडेल आणि मी तिला घरी नेईन, असं मी मनात ठरवलंही. ती रडली नाही. ती उठली आणि उंबरा ओलांडून देवघरात गेली. भावजींनी वर पाहिलं. ती वाकली, ताटातल्या गारगोट्यांतून हात फिरवला, तांदूळ निवडताना फिरवावा तसा, आणि त्यांतली एक उचलली. भिंग नाही, उजेड नाही, काही नाही. तिने ती आपल्या तळहातावर ठेवून पाहिली.

"विशाला," भावजी एकदम म्हणाले, "तो नव्हे."

बोलून गेले आणि स्वतःच दचकले. जुनी सवय, दुसरं काय. अक्काने त्यांच्यापुढे ताट सरकवलं.

"मग काढून द्या, कुठला तो."

त्यांचा हात ताटावर गेला. एका गारगोटीवर थांबला, दुसरीवर थांबला. बोटं नुसती वर तरंगत राहिली. मग त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. त्या हाताकडे पाहताना मला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचा रागही आला.

"माशांनी शिवलं," अक्का शांतपणे म्हणाली. "दातांच्या डॉक्टरांनी शिवलं. मीच काय ती राहिले होते. तो यांतच कुठेतरी आहे. तुमच्याने ओळखवत नाही, मज कधी ओळखू दिलं नाही. आजपासून हा. सरका थोडं."

भावजी सरकले. पाटावरून खाली फरशीवर आले. अक्का पाटावर बसली, तिने पदर कमरेला खोचला आणि तो दगड रिकाम्या जागी ठेवला. तांब्यातलं पाणी त्याच्यावर सोडलं, मग दूध सोडलं. मंत्र तिने सुरू केला तेव्हा भावजींनी तोंड उघडलं होतं, तिला सांगायला, की पहिली ओळ कुठली. तिला सांगायची गरज नव्हती. उंबऱ्यावर बसून तिने तो इतक्या सकाळी ऐकला होता की एक अक्षर चुकलं नाही. उलट भावजी जिथे घाईत दोन ओळी गाळायचे तिथे ती त्या म्हणाली.

भावजी हात जोडून बसले होते. त्यांना कुठे पाहावं कळत नव्हतं. स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास येऊ लागला. मी उठायला लागले तर अक्काने डाव्या हाताने मला बसायची खूण केली. सूर्याला गंध लावता लावता, मान न वळवता ती नवऱ्याला म्हणाली, "पोंगल खाली लागतंय. ढवळून या. नैवेद्याला उशीर नको."

ते उठले, उंबरा ओलांडून आत गेले, आणि थोड्या वेळाने आतून त्यांनी मला हळूच विचारलं की पळी कुठे असते.